एक्केचाळीस डब्या

ज्या अवयवावाचून माणसाचे एक दिवसही चालत नाही, नेमके त्याचेच नाव चारचौघांत काढायचे नसते, हा सुसंस्कृत समाजाचा पाया आहे. हृदयाबद्दल बोलायला हरकत नाही. हृदयावर कविता आहेत. गुडघ्याबद्दल तर पाहुण्यांसमोर तासभर बोलता येते, आणि पाहुणेही आपला गुडघा पुढे करतात. आतड्याला मात्र असा मान नाही. ते बिघडले तर 'जरा पोट' एवढेच म्हणायचे असते. ('काल आला नाहीत?' 'हो, जरा पोट.' यापुढे सभ्य माणूस विचारत नाही.)

वजनमापे तपासणी कार्यालयात हा पाया विशेष भक्कम होता. दुकानदारांचे तराजू, वजने आणि लिटरची मापे तपासून त्यांवर शिक्का मारणे हे या कार्यालयाचे काम. तिथे काचेच्या पेटीत, मखमलीवर, प्रमाण वजने ठेवलेली असतात. बोटाचा घाम लागला तरी वजनात फरक पडतो, म्हणून ती चिमट्याने उचलतात. या कार्यालयातून खोटे माप कधी बाहेर गेले नाही. याचे श्रेय सर्वजण हेडक्लार्कना देत. सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या हातून एक चूक झाली नव्हती. त्यांना पाठीमागे 'बिनचूक' म्हणत. काही वर्षांनी तोंडावरही म्हणू लागले, आणि त्यांनी ते दुरुस्त केले नाही, म्हणजे ते बरोबरच असणार.

बिनचूक यांना सात महिने शौचाच्या वेळी रक्त जात होते.

निरीक्षणशक्ती दांडगी असल्यामुळे त्यांच्या हे पहिल्याच दिवशी लक्षात आले, आणि त्याच दिवशी त्यांनी कारणही ठरवले: उष्णता. उष्णता हे फार सोयीचे निदान आहे. त्याला डॉक्टर लागत नाही, ते मोजता येत नाही आणि ते खोटे ठरल्याचे कोणाच्या ऐकिवात नाही. पुढे इतर लक्षणे आली, तशी त्यांनाही त्यांनी योग्य त्या जागी बसवले. तीन दिवस काहीच नाही आणि चौथ्या दिवशी पाच वेळा, हे हवामान. जाऊन आल्यावरही अजून जायचे राहिले आहे असे वाटत राहणे, हे वय. जिना चढताना धाप, हा जिना. पट्ट्याला दोन नवी भोके पाडावी लागली, तेव्हा तर कार्यालयात कौतुक झाले. 'बारीक झालात, काय करता काय?' असे तिघांनी विचारले. 'काही नाही, रात्रीचं कमी केलंय,' असे त्यांनी तिघांनाही विनयाने सांगितले. (एकाने तेव्हापासून रात्रीचे कमी केले.)

घरी मात्र हवामान, वय आणि जिना यांवर विश्वास न ठेवणारी एक व्यक्ती होती.

"डॉक्टरांकडे जाऊन या," बायको म्हणाली.

"काय सांगू त्यांना?"

"जे होतंय ते."

"असं कसं सांगणार? ओळखीचे आहेत ते."

"मग अनोळखी डॉक्टरांकडे जा."

"अनोळखी माणसाला हे सांगायचं?"

या युक्तिवादात तिला फट सापडली नाही. ती ब्रश घेऊन संडास घासायला गेली.

अशा वेळी खात्याने 'उदरकल्याण योजना' जाहीर केली. परिपत्रकाच्या माथ्यावर 'जागृत आतडे, जागृत कर्मचारी' असे वाक्य होते. पन्नाशीच्या आतबाहेरच्या सर्व कायम कर्मचाऱ्यांच्या शौचाची तपासणी करून त्यात डोळ्यांना न दिसणारे रक्त आहे का हे पाहायचे, म्हणजे आतड्याचे दुखणे लहान असतानाच पकडता येते, असा योजनेचा हेतू होता. हेतू इतका चांगला होता की तो वाचून कोणाला काय बोलावे सुचेना. परिपत्रकासोबत अंगठ्याएवढ्या एक्केचाळीस डब्या आल्या. प्रत्येक डबीच्या झाकणाला आतून एक छोटा चमचा चिकटवलेला होता. नमुने चार दिवसांत जमा करायचे होते आणि जमा करून घेणारे अधिकारी म्हणून बिनचूक यांची नेमणूक झाली होती.

पहिल्या दिवशी एक्केचाळीस डब्या वाटल्या गेल्या. (वाटप: शंभर टक्के. तसा अहवाल त्याच संध्याकाळी वर गेला.) तिसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत एक डबी परत आली. ती टायपिस्ट बाईंची होती. त्यात टाचण्या होत्या. बाईंचे म्हणणे असे की डबी छान आहे, आणखी एखादी मिळाली तर बटणांना होईल.

साहेबांनी बिनचूक यांना आत बोलावले. साहेबांची स्वतःची डबी टेबलावर पेपरवेटशेजारी होती, रिकामी.

"उद्यापर्यंत शंभर टक्के भरणा झाला पाहिजे," साहेब म्हणाले. "कसा ते मला सांगू नका."

आता हे समजून घ्यायला हवे की या कार्यालयात एकाचे काम दुसऱ्याने करणे ही लबाडी मानली जात नसे. उशीर होणाऱ्याची सही वेळेवर येणारा करी. रक्तदानाच्या शिबिरात तर ज्याची नस लवकर सापडते त्याने तिघांच्या नावाने रक्त दिले होते आणि तिघांनाही प्रशस्तिपत्र मिळाले होते. ज्याला जे सहज जमते त्याने ते सर्वांसाठी करावे, हे तत्त्व एकदा मान्य केले की पुढचा प्रश्न फक्त योग्य माणूस शोधण्याचा उरतो.

योग्य माणूस फाटकावर बसत असे. वॉचमनमामांचे पोट पहाटे पाच चाळीसला साफ होते, थंडीत पाच पंचेचाळीसला, हे सर्वांना माहीत होते, कारण मामा ते स्वतःच सांगत. संकोच हा गुण त्यांना परवडण्यासारखा नव्हता. पोट साफ न झालेले अधिकारी सकाळी फाटकातून आत येताना त्यांच्याकडे हेव्याने पाहत.

"मामा, एक काम होतं," बिनचूक म्हणाले. "जरा नाजूक आहे."

मामांनी डबी उघडली, चमचा बघितला, सगळे ऐकून घेतले. "एवढंच होय? मला वाटलं रविवारी ड्यूटीला बोलावताय."

"एक्केचाळीस लागतील."

"चमचा चमचाच ना? भागेल. उरेलसुद्धा."

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता, सर्वांकडून रिकाम्या परत घेतलेल्या एक्केचाळीस डब्या भरून तयार होत्या. बिनचूक यांनी प्रत्येकीवर नावाची चिठ्ठी सरळ रेषेत चिकटवली. मग त्यांना राहवेना, म्हणून त्यांनी प्रत्येक डबी प्रमाण काट्यावर तोलली. सहा डब्या किंचित कमी भरल्या. त्या त्यांनी मामांकडून भरून घेतल्या. शेवटी खात्याच्या इभ्रतीचा प्रश्न होता. (मामांच्या स्वतःच्या नावाची डबी नव्हती. ते ठेकेदारामार्फत लागले होते आणि ठेक्यावरच्या आतड्यांचा परिपत्रकात उल्लेख नव्हता.)

अकराव्या दिवशी एक्केचाळीस पत्रे आली. प्रत्येकात एकच मजकूर होता: आपल्या नमुन्यात रक्ताचा अंश आढळला आहे, हे पत्र घेऊन रुग्णालयात यावे व दुर्बिणीतून आतड्याची तपासणी विनामूल्य करून घ्यावी, मुदत दोन महिने. सोबत प्रयोगशाळेचा शेरा होता की एवढी एकवाक्यता त्यांनी आजवर कोणत्याही कार्यालयात पाहिलेली नाही.

पत्रे वाचून कार्यालयात जो सुस्कारा सुटला तो सुटकेचा होता. एक्केचाळीसपैकी एकही नमुना आपला नाही, हे एक्केचाळीस जणांना पक्के ठाऊक होते. साहेबांनी बैठक घेतली. वर कारण कळवणे भाग होते, म्हणून पिण्याच्या पाण्याची टाकी जबाबदार ठरली आणि ती धुण्याचा ठराव झाला. बैठक संपता संपता टायपिस्ट बाई म्हणाल्या, "मग मामांचं काय?"

प्रश्न रास्त होता, पण कागदाला धरून नव्हता. मामांच्या नावाचे पत्र नव्हते. जे पत्र नाही त्यातला मजकूर त्यांना कळवायचा कसा? आणि कळवला, तर एक्केचाळीस जणांनी सरकारी नमुन्यात काय केले हेही कळवावे लागणार. सर्वानुमते मामांच्या खुर्चीला उशी देण्याचे ठरले.

उशी आल्यावर जाता-येता लोक मामांशी हळू आवाजात बोलू लागले. कोणी त्यांच्या पाठीवर हात ठेवी. मामा चार दिवस हे बघत राहिले. पाचव्या दिवशी त्यांनी बिनचूक यांना अडवले. "भाऊ, खरं सांगा. माझी नोकरी जाणारेय का?"

"नाही हो मामा."

"मग उशी कशाला?"

बिनचूक यांचे पत्र त्यांच्या बायकोला शर्ट धुवायला घेताना खिशात सापडले.

"हे तुमच्या नावाचं आहे," ती म्हणाली.

"नाव माझं आहे. मजकूर मामांचा आहे."

त्यांनी तिला सगळे नीट समजावून सांगितले. तिने ऐकले. "आणि सात महिने मी रोज ब्रशानं घासतेय, ते कुणाचं? मामांचं?"

"ती उष्णता."

"पत्र आलंय, फुकट आहे, डॉक्टर अनोळखी आहे. उद्या जा."

"ज्या रक्तासाठी हे पत्र आलं ते माझं नाही. दुसऱ्याच्या रक्तावर मी तपासणी करून घेऊ? सव्वीस वर्षं नोकरी केली, असला खोटेपणा कधी केला नाही."

ती महिनाभर मागे लागली. महिनाभर त्यांचे मन त्यांना खात होते, आणि शेवटी त्यांनी मनाचा कौल मानला. मुदत संपायला नऊ दिवस असताना ते फाटकावर गेले, मामांना खरे काय ते सांगितले आणि आपले पत्र त्यांच्या हातात ठेवले. "मामा, हे मुळात तुमचं आहे." एक्केचाळीस जणांत एवढी सचोटी दाखवणारा हा एकच माणूस निघाला, याची नोंद झाली पाहिजे. (या सचोटीमुळे त्यांना स्वतःला कोणासमोर पँट उतरवावी लागली नाही, हा केवळ योगायोग.)

मामा बिनचूक यांच्या नावाने रुग्णालयात गेले. नर्सने तीनदा पुकारले तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आले की ते नाव आपले आहे. आतड्यात मांसाचा एक कोंब होता. तो चिमट्याने काढला. तिसऱ्या दिवशी मामा फाटकावर हजर होते आणि कोंब केवढा होता ते येणाऱ्या-जाणाऱ्याला बोटाने दाखवत होते. अहवालावर लिहिले होते: कोंब काढला, त्यात वाईट काही नाही, उरलेले आतडे स्वच्छ, पुढील तपासणी पाच वर्षांनी. नाव बिनचूक यांचे होते, म्हणून मामांनी तो प्रामाणिकपणे त्यांना आणून दिला.

बिनचूक यांनी तो फायलीला लावला. तेवढ्यावर राहिले असते तर एक वेळ ठीक होते. पण ते तो अधूनमधून काढून वाचू लागले. शिक्का असलेला कागद खोटा असतो असे मानण्याची त्यांच्या डोळ्यांना सवयच नव्हती. 'उरलेले आतडे स्वच्छ' हे शब्द ते रक्त पडलेल्या दिवशी दोनदा वाचत.

पाच महिन्यांनी, पाच किलोचे वजन काट्यावर ठेवताना, ते वजनासकट खाली बसले. बायकोने त्यांना रिक्षात घालून रुग्णालयात नेले. खिडकीतल्या कारकुनाने नाव टाकून बघितले.

"यांची झालीये की. पाच वर्षांनी या."

"ती यांची नव्हती," बायको म्हणाली.

"मग कोणाची होती?"

तिने नवऱ्याकडे बघितले. नवरा भिंतीवरची सूचना वाचत होता. खरे सांगायचे तर लेखी सांगावे लागणार होते, आणि लेखी सांगायचे तर साहेबांमार्फत. "चला," ते म्हणाले. "त्यांचं रेकॉर्ड बरोबर आहे."

तिने त्यांना बाहेर काढले आणि समोरच्या गल्लीतल्या पहिल्या पाटीखाली जे डॉक्टर सापडले त्यांच्यासमोर बसवले.

"रक्त किती दिवस जातंय?" डॉक्टरांनी विचारले.

"पंधरा दिवस," बिनचूक म्हणाले.

"चौदा महिने," बायको म्हणाली.

डॉक्टरांनी त्यांची पापणी खाली ओढून पाहिली, नखे पाहिली, मग पोटाच्या डाव्या बाजूला हात ठेवून तो बराच वेळ तिथेच ठेवला. आठवड्याभरात तपासण्या झाल्या. "वर्षापूर्वी आला असतात, तर कोंबच असता," डॉक्टर म्हणाले. "चिमट्यानं निघाला असता. आता पोट उघडावं लागेल. किती कापायचं ते उघडल्यावर कळेल." शस्त्रक्रियेची तारीख गुरुवारची मिळाली. बायकोने रुग्णालयाच्या कागदावर सही केली. बिनचूक यांनी तो कागद मागून घेतला आणि त्यातल्या तारखेची एक चूक दाखवून दिली.

या डॉक्टरांनी कोणाचेही नाव न सांगता आपल्या नोंदवहीतला एक रकाना आम्हाला दाखवला. पोटाच्या शेवटच्या दोनशे रुग्णांपैकी एकशे एकाहत्तर जणांनी 'किती दिवस?' या प्रश्नाला 'पंधरा दिवस' असे उत्तर दिले आहे. शिक्षण, हुद्दा, वय कशानेही या आकड्यात फरक पडत नाही. उरलेल्या एकोणतीस जणांबरोबर बायको, आई किंवा मुलगी आलेली होती.

हे वाचताना काही वाचकांनी मनातल्या मनात आपलाही आकडा मोजला असेल, आणि लगेच आपली ती उष्णता आहे असे ठरवून बिनचूक यांच्यावर हसायला मोकळे झाले असतील. त्यांना हसू द्यावे. फक्त ज्यांना आकडा मोजावा लागला, त्यांचे पंधरा दिवस केव्हाच होऊन गेले आहेत.