हॉलमसाहेबांचा दहावा

लिमये दाराकडे पाठ करून कधी बसत नाहीत. धायरीतील आमच्या इमारतीत त्यांच्याकडे सत्यनारायण सांगण्यास मी प्रथम गेलो, तेव्हा पूर्वाभिमुख बसण्यास त्यांनी साफ नकार दिला. कारण दार पश्चिमेला होते.

"गुरुजी, पाठीमागून गोळी घालतात."

"अहो, इथे लोक प्रसादाला येतात."

"तसंच सांगून येतात."

हे ज्ञान त्यांना डेक्स्टर हॉलम या अमेरिकी नटाकडून लाभले होते. गेल्या शतकाच्या मध्यावर घोडेस्वारांच्या चित्रपटांत हे गृहस्थ दुय्यम खलनायक असत आणि मध्यंतरानंतर नेमाने मरत. पुढे एकदा घोड्यावरून पडले आणि घोडा झेपेना, तेव्हा दूरचित्रवाणीच्या मालिकांत ते शेरीफ झाले. मुद्रितशोधक म्हणून निवृत्त झालेल्या लिमयांना त्यांचे प्रत्येक मरण तोंडपाठ होते. उभयतांत चाळीस वर्षे पत्रव्यवहार चालला.

यंदा माघात हॉलमसाहेब खरोखरच गेले.

"त्यांना मागे कोणी नाही. दहावा मी करणार," लिमये म्हणाले. घाटावर कोणी गुरुजी तयार होईनात, मी झालो. गोत्र अज्ञात असता काश्यप म्हणावे, अशी परंपरा आहे. तसे म्हटले.

भर दुपारी गच्चीवर पिंड ठेवला. कठड्यावर कावळा येऊन बसला, पण शिवेना. गेलेल्याची काही इच्छा अडली असली की असे होते, अशी आपली श्रद्धा. लिमये दहा पावलांवर पाय रोवून, हात कमरेशी धरून उभे राहिले. दोघेही एकमेकांवरून दृष्टी काढीनात.

"साहेब, घोड्यावरून पडलात तो दोष घोड्याचाच, मान्य!"

कावळा ढिम्म. तास उलटला.

"दर्भाचा कावळा करून शिववू," मी सुचवले. "शास्त्राला मान्य आहे."

"नकली नको, गुरुजी. त्या माणसाने जन्मभर नकली गोळ्या खाल्ल्या."

मग ते पिंडासमोर गुडघे टेकून बसले. आवाज इतका खाली आला, की मला ऐकण्यासाठी वाकावे लागले.

"साहेब, बायको शुभदा आणि मुलगा चिन्मय नाहीत. कधीच नव्हते. पहिल्याच पत्रात आपण विचारलंत, घरी कोण कोण असतं. 'कोणी नाही' असं लिहवेना. मग आपण दर पत्रात चिन्मयची चौकशी करत गेलात. मी त्याला शाळेत घातलं, नोकरीला लावलं. त्याचं लग्नसुद्धा केलं. क्षमा करा. विचारणारं दुसरं कोणी नव्हतं हो."

पंखांचा आवाज झाला. कावळा पिंडाला शिवला. लिमयांनी वर पाहिले नाही.

असे कार्य आटोपले की आपल्या घरी स्नान करावे आणि मौनाने जेवावे, हा माझा पन्नास वर्षांचा नेम. त्या दिवशी स्नान त्यांच्याकडे केले. त्यांनी पिठलं-भात वाढला. पहिला घास घेण्यापूर्वी मी मौन सोडले आणि विचारले,

"सूनबाई कुठल्या?"