पोटाचा पंचनामा

अर्जात तीन वाक्यं होती आणि तिन्ही खरी होती. टंचाई कक्षातले कारकून साहेबराव सोनकांबळे दिवसातून सहा वेळा खातात. मागच्या दसऱ्यापासून त्यांचं पोट वाढतच चाललं आहे. धान्याच्या गोदामाची किल्ली त्यांच्याच कमरेला असते. खाली एकतीस अंगठे होते. चौथं वाक्य कोणी लिहिलं नव्हतं, पण न लिहिताही ते सगळ्यांना वाचता येत होतं.

आवक टपाल साहेबरावकडेच असल्यामुळे अर्ज आधी त्याच्याच टेबलावर आला. त्याने तो वाचला, क्रमांक टाकला, शिक्का मारला आणि वर पाठवला. शिक्का जरा तिरका उमटला. बावीस वर्षांच्या नोकरीत असं पहिल्यांदाच झालं.

लातूर जिल्हा होऊन तेव्हा पाचच वर्षं झाली होती. मिळेल त्या जागी कचेऱ्या थाटल्या होत्या. टंचाई कक्ष एका बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये होता आणि त्याच शेडच्या मागच्या अंगाला वाटपाच्या ज्वारीचं गोदाम. पावसाने तिसऱ्या वर्षीही पाठ फिरवली होती. शिरूर अनंतपाळकडून, जळकोटकडून कामाच्या शोधात आलेली माणसं शेडमागच्या माळावर पालं ठोकून राहिली होती आणि आठवड्याला धान्याच्या चिठ्ठीसाठी साहेबरावच्या खिडकीशी रांग लावत होती. रांगेतल्या प्रत्येकाची कातडी हाडाला चिकटली होती. खिडकीच्या आत मात्र एक माणूस पोट घेऊन बसला होता, आणि रांग पुढे सरकेस्तोवर एकदा तरी डबा उघडून काही चावत होता.

हे चावणं डॉक्टरांच्या हुकमाने चाललं होतं. दिवाळीत सोलापूरच्या डॉक्टरांनी नव्या यंत्रावर त्याच्या पोटाचा फोटो काढला होता आणि यकृतात पाण्याच्या पिशव्या झाल्याचं सांगितलं होतं. लहानमोठ्या, द्राक्षाच्या घडासारख्या, मोजायच्या पलीकडे. यकृत फुगून जठरावर रेललं होतं, त्यामुळे चार घासांतच पोट भरल्यासारखं व्हायचं. डॉक्टर मोकळेपणाने बोलणारे होते. खाण्यापिण्याने पिशव्या जाणार नाहीत, फक्त त्रास कमी होईल, असं सांगून त्यांनी कागदावर लिहून दिलं: थोडं थोडं, सहा वेळा. मीठ कमी. चहा बंद. दारूचं नाव नको. आणि खाली दोन रेघा मारून, काढा, मुळी, भस्म काहीही नको, कारण पोटात जाईल ते शेवटी याच यकृताला निस्तरावं लागतं.

ही हकिकत कक्षात पहिल्यांदा व्यंकटी शिपायाला कळली.  तो म्हणाला, अख्ख्या जिल्ह्यात तीनशे फुटांवर पाणी लागेना, आणि लागलं ते सोनकांबळे साहेबांच्या पोटात.

चौकशीला नायब तहसीलदार बसलिंगप्पा आले. उदगीरकडचे, कपाळावर विभूती, स्वभावाने सरळ आणि नियमाचे पक्के. आधी त्यांनी गोदाम उघडून पाहिलं. पोतं न् पोतं जागेवर होतं. साहेबरावला वाटलं, प्रकरण मिटलं. पण बसलिंगप्पांनी अर्ज पुन्हा एकदा वाचला आणि चष्मा काढला.

"पोती कमी झाली असं अर्जात कुठंच न्हाई, सोनकांबळे. पोट वाढलं असं आहे. चौकशी अर्जाचीच करावी लागते."

साहेबरावने डॉक्टरांचा कागद पुढे केला. बसलिंगप्पांनी तो उजेडात धरून आदराने वाचला आणि परत दिला. कागद म्हणतो आत पाणी आहे, अर्ज म्हणतो धान्य आहे, आणि आत डोकावायचा अधिकार आपल्याला नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. राहता राहिलं बाहेरून मोजणं. कोपऱ्यावरच्या संगप्पा शिंप्याला टेप घेऊन बोलावलं. रांगेतूनच पाच पंच घेतले. माणूस सरकारी नोकर, म्हणून मान राखून बुशशर्टावरूनच बेंबीच्या रेषेत माप घेतलं आणि पंचनाम्यात लिहिलं: घेर बेचाळीस इंच. अठ्ठावीस दिवसांनी पुन्हा मोजायचं ठरलं. कमी भरलं तर आधी खात होता आणि चौकशीच्या धाकाने थांबला. जास्त भरलं तर अजून खातोच आहे. दोन्हीचा शेवट निलंबनात होता.

"आणि तेवढंच राहिलं तर?" साहेबरावने विचारलं.

बसलिंगप्पांनी याचा विचार केला नव्हता. "तर मग फाईल बंद करता येईल का, ते बघू," ते म्हणाले.

त्या दिवसापासून साहेबरावचं नाव बेचाळीस इंचांना टांगलं गेलं. जळकोटजवळच्या त्याच्या वाडीत सरकारी नोकरीला लागलेला तो पहिला माणूस होता. वडिलांनी जाताना एकच सांगितलं होतं, कुणी बोट दाखवील असं वागू नको. आता एकतीस बोटं दाखवली गेली होती, तीही शाईत बुडवून.

अडचण अशी, की सगळी दुनिया त्याला बरं करायला निघाली होती. आजाराची बातमी कळली की भेटायला येणारा रिकाम्या हाताने येत नाही. व्यंकटीने मुळ्यांची माळ आणली. ती काविळीवर असते, पण त्याच्या मते लिव्हर म्हटलं की सगळं एकच. शेजारच्या कमलम्मा भुईआवळी दुधात वाटून घेऊन आल्या. त्यांच्या दिराचं पोट या भुईआवळीने आठ दिवसांत पाठीला लागलं होतं. नायगावहून साडूने पत्रातून कारल्याच्या रसाचा मार्ग सुचवला आणि कारली कुठे मिळतील ते मात्र कळवलं नाही. आतापर्यंत साहेबराव डॉक्टरांच्या दोन रेघा दाखवून सगळ्यांना परतवायचा आणि लोक नाराज होऊन जायचे. आता तो हात जोडून एवढंच म्हणे, "अठ्ठावीस दिवस मला बरं करू नका." डॉक्टरांचं कारण कुणाला पटलं नव्हतं. चौकशीचं लगेच पटायचं.

पटलं नाही ते एकट्या पंचफुलाला. ती त्याची बायको होती, आणि रात्रंदिवस ते पोट बघत होती. अशातच सोलापूरहून कार्ड आलं. सगळ्यात मोठ्या पिशवीतलं पाणी सुईने काढता येईल, तेवढा जठराला आराम पडेल, कुठल्याही सोमवारी यावं, पण लवकर. साहेबरावने कार्ड वाचून उशाखाली ठेवलं आणि पंचनामा झाल्यावर जाऊ म्हणाला. पाणी काढलं की घेर उतरणार आणि घेर उतरला की तो चोर ठरणार, हे त्याने तिला दोनदा समजावून सांगितलं. तिला पहिल्यांदाच समजलं होतं.

"नाव ऱ्हाईल तुमचं," ती म्हणाली. "नाव माज्यासंगं बसून भाकर खानार हाय का?"

 रोज सकाळी तिच्या शिवणाच्या पेटीतली टेप काढून तो भिंतीशी उभा राही, पोटाला गुंडाळी आणि आकडा बघून ठेवून देई. बेचाळीस. बेचाळीस. बेचाळीस. कचेरीत त्याने डबा नेणं सोडलं होतं. रांगेच्या डोळ्यांदेखत घास घशाखाली उतरत नव्हता. सहाच्या दोन वेळा झाल्या आणि त्या दोन वेळांनाही चार घासांपुढे जागा नव्हती. त्याच्या मनगटावरचं घड्याळ कोपराकडे सरकू लागलं. पोट मात्र जागच्या जागी होतं, कारण त्यात अन्न नव्हतंच.

सोळाव्या दिवशी सकाळी तो चार वेळा परसाकडे पळाला. दुपारपर्यंत सात वेळा. घरात पाणी एक घागर, तीही टँकरमागे धावून आणलेली. पंचफुलाने ती सगळी त्याच्यासाठी लावली आणि तोंडातून शब्द काढला नाही. तिची तक्रार नाही याचंच साहेबरावला नवल वाटलं. संध्याकाळी भिंत धरून त्याने टेप लावली.

"पाऊण इंच गेलं," तो म्हणाला. घरातलं कुणी गेल्यासारखा त्याचा आवाज होता.

पंचफुलाच्या चेहऱ्यावर काय उमटलं ते तिला लपवता आलं नाही. मग सगळं बाहेर आलं. सोनामुखीची जुलाबाची पूड, कमलम्मांकडून आणलेली, तीन दिवस ताकातून.

"डॉक्टर काय म्हनले होते? काढा न्हाई, पूड न्हाई. ध्यानात हाय ना तुझ्या?"

"डॉक्टर सोलापुरात हाय," पंचफुला म्हणाली. "मी हितं हाय. तुमी झोपल्यावर श्वास मोजायला डॉक्टर येत न्हाई."

त्या रात्री दोघंही जेवले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून तिने पूड बंद केली आणि तो पाणी, पेज, जे आत राहील ते घोटघोट पीत राहिला. चार दिवसांत टेप बेचाळीसवर आली. चेहरा काही परत आला नाही. गाल गेले ते गेलेच.

अठ्ठाविसाव्या दिवशी शेड गच्च भरली. अर्जावर पहिला अंगठा होता तो धुरपताबाईंचा. शिरूर अनंतपाळकडच्या या म्हाताऱ्या बाईंना मुद्दाम पुढे बसवलं होतं. अर्ज त्यांनीच सांगून लिहवून घेतला होता आणि निकाल डोळ्यांनी बघायला त्या पहाटेपासून आल्या होत्या. पंचफुला दाराशी उभी होती. बसलिंगप्पांनी पंचनामा वाचला, मग थांबले. मागचं माप शर्टावरून घेतलं होतं. मध्ये कापडाची जाडी बदलली असेल, कोणी हरकत घेईल. तेव्हा या खेपेला अंगावरच माप घ्यावं.

साहेबरावने शर्ट काढला.

 गळ्याखालची हाडं, फासळ्या, काठीसारखे दंड, आणि त्या सगळ्याखाली दुसऱ्याच माणसाचं आणून लावल्यासारखं ते ताणलेलं, चकाकणारं पोट. संगप्पा शिंप्याने डोळे वर न करता टेप फिरवली. "बेचाळीस," तो म्हणाला. बसलिंगप्पांनी स्वतः वाकून खात्री केली. बेचाळीसच.

तेवढ्यात धुरपताबाई उठल्या. कोणाला न विचारता त्या साहेबरावपाशी गेल्या, त्याचा दंड दोन बोटांत धरून पाहिला आणि वळल्या.

"ह्ये खाल्ल्यालं प्वॉट न्हाई, साहेब. खाल्ल्याली पोटं लई बगितल्यात म्या. ती मानंपासून सुरू व्हत्यात."

बसलिंगप्पांचा हात नकळत स्वतःच्या कॉलरकडे गेला. मग त्यांनी घसा साफ केला आणि अर्ज मागे घेता का, असं विचारलं. अर्जदाराने अर्ज मागे घेतला तर फाईल आजच बंद होत होती. नाहीतर बेचाळीसला बेचाळीस आल्यावर काय करायचं, याचं मार्गदर्शन वरून मागवावं लागलं असतं आणि वरून उत्तर यायला एक पावसाळा गेला असता.

"देते की अंगठा," धुरपताबाई म्हणाल्या. "आदी याला जवारी द्या. मानूस उपाशी हाय. त्याच्या खिडकीवर बोर्ड हाय ना तुमचा, उपाशी कुनी दिसला तर लगीच दहा किलो म्हनून? माज्या नातवानं वाचून दावलाय."

बोर्ड होता. साहेबरावनेच तो सुवाच्य अक्षरात रंगवून घेतला होता. त्यात सरकारी नोकर वगळून, असं कुठेही म्हटलेलं नव्हतं. बसलिंगप्पांनी तो दोनदा वाचला आणि कागद पुढे ओढला. प्रत्यक्ष पाहणीत सदर इसम उपाशी आढळल्याने.

साहेबराव शर्टाची बटणं लावायची थांबला. "साहेब, बावीस वर्षांत सरकारी गोदामातला एक दाणा घरी गेला न्हाई माझ्या. त्यासाठीच तर हे सगळं."

"तेच लिहितोय," बसलिंगप्पा शांतपणे म्हणाले. "तुम्ही धान्य नेलं नाही, हे सिद्ध झालं. पण तुम्ही धान्य नेल्याशिवाय बाई अंगठा देत नाहीत, आणि अंगठ्याशिवाय ते सिद्ध झाल्याचं मला लिहिता येत नाही. घ्या, सोनकांबळे. सोमवारी तुम्हाला सोलापूरला जायचंय, तुमच्या घरच्यांनी सांगितलंय मला."

पंचफुला दारातून मानेनेच हो म्हणाली. तिच्या हातातली पिशवी आधीच पसरलेली होती.

गोदामाची किल्ली त्याच्याकडे होती, म्हणून कुलूप त्यालाच उघडावं लागलं. वाटप करणारा तोच, घेणाराही तोच. त्याने दहा किलो स्वतःला तोलून दिले, स्वतःकडून पावती घेतली आणि दोन्ही जागी सही केली. धुरपताबाईंनी अंगठा उठवला, पदराला शाई पुसली आणि टँकर आल्याची हाक ऐकून घागर घेऊन माळाकडे पळाल्या. पंच पांगले. बसलिंगप्पांनी फाईलवर 'निर्दोष' लिहिलं आणि जीप गाठली.

संध्याकाळी पाचला साहेबराव खांद्यावर पिशवी घेऊन शेडच्या बाहेर पडला. पंचफुला मदतीला आली तर त्याने नको म्हटलं. लाभार्थ्याने स्वतः न्यावं असा नियम होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उद्याच्या चिठ्ठीची रांग आत्ताच बसली होती. त्यात सकाळी हजर नसलेली नवी माणसं होती, आजच गाड्यांतून उतरलेली. त्यांनी आधी पोट पाहिलं, मग कमरेची किल्ली पाहिली, मग खांद्यावरची पिशवी पाहिली.

साहेबरावने याचा विचार केला होता. आदेशाची सही-शिक्क्याची नक्कल त्याने पिशवीला दर्शनी बाजूने टाचणीने लावली होती, अक्षरं बाहेर करून, कोणालाही सहज वाचता यावीत अशी. तो हळूहळू, मधूनमधून थांबत, त्या रांगेसमोरून अख्खा रस्ता चालत गेला. रांगेत वाचता येणारं कोणी नव्हतं.