अंतर बरंच, विस्थापन शून्य

माझ्या मामाच्या घरात "जाऊन येते" असं सहज म्हणायची सोय नव्हती. तो लगेच वर्तमानपत्र खाली करून विचारायचा, "कुठल्या दिशेनं?" मग माणूस भाजीला निघालेला असो, नाहीतर परसाकडं.

एकदा दारातला दूधवाला म्हणाला, "मास्तर, जरा सरका." मामा म्हणाला, "किती आणि कुठं, दोन्ही सांग. नुसतं सरका याला अर्थ नाही." दूधवाल्यानं भरलेली किटली त्याच्या पायावर टेकवली, तेव्हा मामा बरोबर दिशेला सरकला.

मामा सांगलीतल्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचा. मामी जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. बाजारात जाऊन साखरच विसरून आला, की रिकामी पिशवी खुंटीला अडकवत स्वतःलाच शेरा द्यायचा, "अंतर बरंच, विस्थापन शून्य." म्हणजे पायाचे तुकडे पडेस्तोवर चाललास, पण निघालास तिथंच परत आलास. गणपतीला प्रदक्षिणा घालून आलेल्या शेजारच्या काकूंनाही त्यानं हेच ऐकवलं. काकू दिवाळीपर्यंत बोलल्या नाहीत.

अशा घरात मी कुंडलहून ट्रंक घेऊन, मामाच्याच कॉलेजात शिकायला म्हणून, राहायला आले. बेलबॉटम नुकत्याच सांगलीत पोचल्या होत्या आणि मी त्यांच्या पाठोपाठ. स्वतःला भलती हुशार समजायचे. शाळेत मुलींत कायम पहिली यायचे ना! मॅट्रिकला, म्हणजे तेव्हाच्या शाळेतल्या अकरावीला, शास्त्र घेतलेली मुलगी मी एकटीच होते, हे मात्र कुणाला सांगायचे नाही.

जेवताना मामाचा तास चाले. "समज, एक गाय आहे. मी तिला दोरीनं पूर्वेला ओढतो, तू तेवढ्याच जोरानं उत्तरेला. गाय कुठं जाईल?"

"कुठं न्हाई. लाथ घालंल."

"कुणाला?"

"जो जवळ असंल त्याला."

मामा कपाळाला आमटीचा हात लावायचा. ईशान्येला, हे उत्तर त्याला हवं होतं. मला वाटायचं, ह्या माणसानं जन्मात गाय धरलेली नाही.

आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला एका अटीवर पाठवलं होतं. ते पलटणीतून निवृत्त झालेले, शब्दाचे पक्के. "एकदा जरी फेल झाली, तर ट्रंक उचलायची आन् घरी यायचं." मला परत जायचं नव्हतं. गावात स्थळं बघायला सुरुवात झाली होती, आणि मला तर प्रयोगशाळेत पांढरा कोट घालायचा होता.

सहामाहीला प्रश्न आला: उसानं भरलेली बैलगाडी अर्ध्या तासात सरळ पूर्वेला दोन किलोमीटर जाते, तर तिचा वेग काढा. मी ऐटीत लिहिलं, ताशी चार किलोमीटर. पेपर मामाकडंच तपासायला होते. त्यानं एक गुण कापला, आणि मी बरोबर एका गुणानं नापास झाले.

"अगं, दिशा कुठाय?" मामा ओरडला. "वेग सदिश आहे! दिशा लिहिली नाहीस तर ती नुसती चाल!"

"उसाची गाडी कारखान्यालाच जाणार की! दुसरीकडं कुठं जाईल? बैलांना बी म्हाईत असतंय."

"बैलांना माहीत आहे. परीक्षकाला नाही."

मी तोंड फुगवून बसले. आमच्या शिवारात उसाच्या गाडीला दिशा विचारणाऱ्याला लोकांनी वेड्यात काढलं असतं.

चारच दिवसांत आबा हजर.

"पेपर कुनी तपासला, मास्तर?"

"मी, दाजी."

"मार्क कुनी कापला?"

"मीच."

"आवं, मग तुमीच जोडा की! का हात मोडलाय?"

मामाचा चेहरा पडला होता. तरी तो म्हणाला, "नाही जमणार, दाजी. दिशा नाही, तर गुण नाही."

"मग पोरगीबी न्हाई," आबा म्हणाले.

मामा स्टँडवर आला नाही. तास आहे म्हणाला. मी आबांच्या शेजारी खिडकीशी बसून रडत होते आणि मनातल्या मनात त्याला मिळतील त्या शिव्या देत होते. हळदीच्या पेठेत बैलगाड्यांच्या गर्दीत एसटी रांगू लागली, तेवढ्यात खिडकीखाली घंटी वाजली. बघते तर सायकलवर मामा! बाह्या खडूनं पांढऱ्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर.

"इकडं बघ!" तो ओरडला. "एसटीची चाल तीच माझी चाल, दिशापण तीच! म्हणजे तुझ्या मानानं मी स्थिर आहे. तू कुठं गेलीच नाहीस, असं समज!"

"ओ मास्तर, मरायचंय का?" ड्रायव्हर खेकसला.

"चालकसाहेब, वेग वाढवू नका! प्रयोग बिघडेल!"

गाडीतली माणसं हसायला लागली. कोंबडी घेऊन बसलेल्या एका बाईनं मला विचारलं, "कोन गं ह्यो?" मी म्हणाले, "वळखत न्हाई." अठराव्या वर्षी माणसाला लाज फार आणि अक्कल कमी असते.

पेठ संपली, रस्ता मोकळा झाला. एसटीनं जोर धरला, आणि मामा सीटवरून उठून पायडल मारायला लागला. तोंड उघडं, शर्ट घामानं पाठीला चिकटलेला, डोळे फक्त माझ्या खिडकीवर. हळूहळू तो मागच्या खिडकीशी गेला, मग त्याच्याही मागं. तरी पाय थांबले नव्हते.

आबा मान वळवून बघत होते. बराच वेळ बघत होते.

"पलटणीत निघालो तवा माज्या मागं कुत्रं बी एवढं पळालं न्हवतं," ते पुटपुटले, आणि उठून त्यांनी घंटीची दोरी ओढली.

"कोन उतरनार?" कंडक्टर.

"पोरगी."

ट्रंक रस्त्याच्या कडेला उतरली. मामा धापा टाकत पोचला तेव्हा आबा पायरीवरूनच गरजले, "मास्तर, पुन्यांदा फेल झाली तर तुमा दोघांनाबी उसाला पानी पाजाय न्हेतो!" एसटी धूळ उडवत निघून गेली.

मला वाटलं, आता तासभर सापेक्ष वेग ऐकायचा. पण मामानं ट्रंक कॅरियरला बांधली. चष्मा पुसला, पुन्हा पुसला. मग सायकल हातात धरून चालू लागला. मी पुढं गेले की तो पाय उचलायचा, मागं पडले की थांबायचा. घर येईपर्यंत माझ्या मानानं तो अर्धं पाऊलसुद्धा इकडंतिकडं झाला नाही.