शाबूत खेळणी

चीनमधल्या हुनान प्रांताच्या डोंगराळ भागातल्या आमच्या तालुक्यात, प्राथमिक शिक्षकांना टाकाऊ वस्तूंपासून खेळणी बनवण्याचे प्रशिक्षण देण्यात आले. उपस्थिती ऐच्छिक होती. अनुपस्थितीसाठी मात्र परवानगी लागत होती.

पहिलीच्या थान बाईंनी बांबूच्या नळ्या आणि मिरचीच्या ठेच्याच्या बाटल्यांची झाकणे घेऊन बेरजेचा खेळ केला. दोन नळ्यांतून झाकणे सोडायची, खाली एकत्र मोजायची. त्यांच्या वर्गाची बोटे दहाला संपत आणि तिथून पुढे रडारड सुरू होई. बाईंची सगळी भिस्त या खेळावर होती.

एवढ्यात प्रशिक्षक शिऊंग साहेबांची सूचना फोनवरच्या गटात आली : "तपासणीच्या वेळी प्रत्येक खेळणे शाबूत असले पाहिजे." साहेबांची सूचना आली की लगेच "मिळाली" असे लिहायचे, ही आमची शिस्त. वाचण्याची सक्ती नाही. सर्वांनी "मिळाली" लिहिले आणि मुख्याध्यापक ओउयांग सरांनी खेळणी काचेच्या कपाटात घालून कुलूप लावले.

पहिलीची पोरे काचेला नाक लावून उभी राहत.

"बाई, ही झाकणं कुणाची?" निंगनिंगने विचारले.

"तपासणीची," बाई म्हणाल्या. त्यांना फार वाईट वाटले.

तपासणीला साहेब आले आणि कपाटाकडे बघतच राहिले. "अहो सर, एकाही खेळण्याला पोरांचा हात लागलेला दिसत नाही!"

"कसा लागेल? आपलाच हुकूम आहे ना!" सरांनी फोन पुढे केला.

साहेबांचा चेहरा पडला. आमच्याकडे 'छान खेळून झालेले' आणि 'शाबूत' या दोन्हींचा उच्चार एकच, वान-हाव. फरक फक्त लिहिताना, पहिल्या चिनी अक्षराचा. फोनने भलतेच अक्षर सुचवले होते आणि साहेबांनी ते घाईत दाबले होते.

"मग काढू का कुलूप?" थान बाईंनी विचारले.

"थांबा हो बाई! 'शाबूत'चा अहवाल वर गेलाय. आता हुकूम चुकला म्हणून सांगू?"

"पण चुकलाय ना, साहेब?"

"हुकूम चुकत नसतो. अंमलबजावणी अपुरी पडते."

अंमलबजावणी पुरी व्हावी म्हणून दुसरे प्रशिक्षण झाले. विषय : शाबूत खेळण्यांवर खेळल्याच्या खुणा पाडणे. खेळणी कपाटातून निघाली, आणि प्रत्येकाला पॉलिश पेपर आणि थोडा चिखल मिळाला. आम्ही मन लावून घासले.

थान बाईंनी खुणा पाडण्याचे काम आपल्या वर्गाला दिले. पॉलिश पेपर तसाच राहिला. पोरे रोज खुणा पाडत होती, झाकणांवरून भांडत होती, आणि निंगनिंग आठात सात मिळवून पंधरा म्हणू लागली.

पुढे तालुक्याच्या खेळणी-प्रदर्शनात आमच्या घासलेल्या खेळण्यांना बक्षीस मिळाले. बाईंचे खेळणे मात्र बाद झाले. शेरा होता : "खुणा अस्सल वाटत नाहीत." त्यामुळे ते वर्गातच राहिले.

हसताय? हसा. फक्त त्याआधी तुमच्या कपाटावरची ती बाहुली जरा खाली काढा. तिची प्लास्टिकची पिशवी अजून फाडलेली नाही, आणि जिच्यासाठी ती आणली होती, त्या मुलीचे लग्न ठरले आहे.