न वापरलेलं स्वयंपाकघर

रिटायर झाल्यावर दिनकर देवस्थळींना पुण्याला, लेकीच्या शेजारी जाऊन राहायचं होतं. दिल्लीच्या द्वारकेतला फ्लॅट चांगल्या भावानं विकला की झालं. आणि फ्लॅट कसा विकावा हे आपल्याइतकं अख्ख्या दिल्लीत कुणाला कळत नाही, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

"गिऱ्हाईक किचनवर भाळतं," ते बायकोला, सुनीतीबाईंना म्हणाले. "किचन नवं करू. खर्च दामदुपटीनं वसूल, बिल्कुल."

जुना काळा ओटा फुटला. पांढराशुभ्र आला, पांढरी कपाटं आली, आवाज न करता मिटणारे ड्रॉवर आले. सुनीतीबाई हरखल्या. सगळा संसार त्या काळ्या ओट्यावर निघाला होता बिचारीचा! नव्या शेगडीवर कढई ठेवून त्यांनी मोहरी हातात घेतली, तोच दिनकरराव आडवे आले.

"हळदीचा एक डाग पडला की भाव उतरला. घर विकेपर्यंत इथे स्वयंपाक बंद."

"आणि जेवायचं काय?"

"बाल्कनी आहे की."

झालं. जुनी शेगडी बाल्कनीत गेली. सुनीतीबाई कपडे वाळत घालायच्या दोरीखाली फोडण्या देऊ लागल्या आणि दिनकरराव रोज सकाळी देव पुसावेत तसा ओटा पुसू लागले. फोडणीचा खमंग वास चारी मजल्यांवर पोचला. त्याच्या मागोमाग शंकाही पोचली.

प्रॉपर्टी डीलरचा फोन आला. "अंकलजी, सोसायटी में बात फैली है, आपकी किचन में सीलन है. तभी तो आंटीजी बाहर पकाती हैं."

"सीलन? ओल? माझ्या किचनमध्ये?" दिनकरराव किंचाळले. "अहो, कोरी करकरीत किचन है वो!"

"तो फिर बाहर क्यों पकाते हैं?"

दिनकररावांनी फोन ठेवला आणि ओटा आणखी एकदा पुसून काढला.

गिऱ्हाइकं आटली. शेवटी एका रविवारी डीलर न कळवता खुराना नवराबायकोंना घेऊन आला. दिनकरराव ड्रॉवर उघडून मिटून दाखवत होते, पण खुरानाबाई वासामागे थेट बाल्कनीत गेल्या. थंडीतलं कोवळं ऊन पसरलं होतं. सुनीतीबाईंनी, घरी आलेल्या माणसाला पुढे करावं तसं, गरम थालीपीठ लोण्यासकट पुढे केलं. बाई उन्हात वेताच्या मोढ्यावर टेकल्या त्या दुसरं संपेपर्यंत उठल्याच नाहीत.

"सुनो जी," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "घर पक्का. किचन यहीं बनाएँगे, धूप में."

"और अंदर वाली?" दिनकररावांनी क्षीण आवाजात विचारलं.

"वो तुड़वा के पूजाघर," खुराना म्हणाले. "तोड़ने का खर्चा आप रेट में से कम कर दीजिएगा."

पुण्याचं जमत होतं, म्हणून दिनकररावांनी मान डोलावली. पाहुणे गेले. सुनीतीबाईंनी शांतपणे कढई उचलून आत नेली.

"आता तोडणारच आहेत ना?" असं म्हणून त्यांनी तेलात मूठभर मोहरी टाकली. मोहरी पार छतापर्यंत उडाली, हळद ओटाभर सांडली. कित्येक दिवसांनी बाई गुणगुणत होत्या.

दिनकरराव मात्र फडकं घेऊन मागे उभेच होते.