खुर्चीतली पायपीट

वजनमापे खात्यातून निवृत्त झालेल्या निरीक्षकांच्या छातीत पेसमेकर बसला आणि दुसऱ्याच आठवड्यात साथ आली. इस्पितळाने ऑपरेशनं पुढे ढकलली, तपासण्या पुढे ढकलल्या आणि हृदयाच्या पेशंटांना घराबाहेर पडू नका म्हणून बजावलं. तपासणीऐवजी निरीक्षकांच्या उशाशी एक पांढरा डबा आला. छातीतलं यंत्र दिवसभर जे टिपून ठेवी, ते हा डबा रात्री परस्पर इस्पितळाला कळवून टाकी.

निरीक्षकांना हे काही पटलं नव्हतं. तीस वर्षं त्यांनी बाजारातले काटे तपासले होते. तागडीच्या तळाला चिकटवलेला मेणाचा गोळा त्यांना दुकानाच्या पायरीवरूनच दिसायचा. आयुष्यभर लोकांची मापं काढली आणि आता हा डबा त्यांचं माप काढणार! त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला.

"यावर शिक्का कुठंय?"

"कसला शिक्का?" बायकोने विचारलं.

"पडताळणीचा. वापरातलं प्रत्येक माप तपासून घ्यावं लागतं."

"त्याला नका छळू. गप्प बसून काम करतोय बिचारा. घरात कुणीतरी करतंय."

हा टोमणा होता. डॉक्टरांनी रोज अर्धा तास घरातल्या घरात चालायला सांगितलं होतं. निरीक्षक पॅसेजमध्ये दोन फेऱ्या मारत आणि मग पुस्तक घेऊन डुलत्या खुर्चीत बसत, ते थेट जेवायलाच उठत.

आठवड्याभराने इस्पितळातल्या टेक्निशियन मुलीचा फोन आला. हल्ली ती घरूनच काम करायची, मागे कुणाचं तरी बाळ रडत होतं.

"काका, कमाल केलीत. रोजची हालचाल चार तास दहा मिनिटं. आमच्या यादीत तुमचा पहिला नंबर."

फोन स्पीकरवर होता. बायकोने ऐकलं आणि लगेच आपल्या भावाला फोन लावला. "शीक जरा. तुझे भाऊजी घरात चार तास चालतात." संध्याकाळपर्यंत ही बातमी सगळ्या नातेवाइकांत फिरली.

निरीक्षकांना आधी गुदगुल्या झाल्या, पण रात्री अंथरुणावर पडल्यावर त्यांचं कुतूहल जागं झालं. हा आकडा आला कुठून? दुसऱ्या दिवशी त्यांनी वही काढली आणि चाचण्या सुरू केल्या. एक दिवस साध्या खुर्चीत बसून काढला. सकाळी टेक्निशियनला विचारलं, तर बावीस मिनिटं. एक दिवस नुसते लोळले, तर चौदा. तिसऱ्या दिवशी पुन्हा डुलती खुर्ची आणि पुस्तक. चार तास पाच मिनिटं.

उलगडा झाला. खुर्ची पुढेमागे झुलू लागली की छातीतल्या यंत्राला वाटे, साहेब फिरायला निघाले. माप चक्क खोटं होतं, आणि तेही मालकाच्या फायद्याचं.

त्यांनी ते तिथल्या तिथे सांगून टाकलंही असतं, पण बायकोकडे बघून शब्द गिळले. ऑपरेशन झाल्यापासून ती रात्रीत तीनतीनदा उठून त्यांच्या नाकाशी हात धरायची. इस्पितळाचं दार बंद, काही झालं तर न्यायचं कुठे, ही तिची धास्ती त्यांना कळत होती. आणि तो फोन आल्यापासून ती सलग झोपू लागली होती. तिची झोप मोडायचा धीर त्यांना होईना. डुलणं थांबवावं, तर आकडा घसरणार आणि ती घाबरणार. शेवटी नाइलाजाने निरीक्षक रोज चार तास कर्तव्य म्हणून डुलू लागले. चौथ्या दिवशी कंबर धरली.

मग खुद्द डॉक्टरांचा फोन आला. "आपले पेशंट घरात बसून खचलेत हो. रविवारी सगळ्यांना व्हिडिओवर जमवतोय. दोन खोल्यांत चार तास कसं चालायचं, ते तुम्हीच त्यांना सांगा."

रविवारी बायकोने इस्त्रीचा शर्ट काढून दिला आणि स्वतः कॅमेऱ्यात येणार नाही अशी बाजूला बसली. पडद्यावर चाळीस चेहरे होते.

"चप्पल घालून चालता की अनवाणी?" एका आजोबांनी विचारलं. हातात पेन तयार होतं.

निरीक्षक त्या पेनाकडे बघत राहिले. आपल्या शब्दावर हा माणूस उद्या चार तास चालायला लागेल, स्वतःचं दुबळं हृदय घेऊन. खोट्या मापाने गिऱ्हाईक नाडलं जाणार होतं.

"हे माप खोटं आहे," ते म्हणाले, आणि त्यांनी खुर्चीसकट सगळं सांगून टाकलं.

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. मग एका आजींनी विचारलं, "ही खुर्ची कुठल्या दुकानात मिळते?"

तिघाचौघांनी पेनं उघडली.

"कुणीही खुर्ची घ्यायची नाही," डॉक्टर घाईघाईने म्हणाले. "आणि काका, यंत्राचं सेटिंग बदलायला तुम्हाला इथं यावं लागेल. सध्या इथं न येणंच बरं. तोवर तुम्ही स्वतःचं सेटिंग बदला."

पडदा काळा झाला. निरीक्षकांनी भीत भीत बाजूला पाहिलं. "तुला सांगणारच होतो."

"दिवसाचे चार तास खुर्ची करकरते," बायको म्हणाली. "मी काय बहिरी आहे?"

"म्हणजे तुला ठाऊक होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग भावाला कशाला सांगितलंस?"

"तुम्हाला लाज वाटते का, ते बघायला."

"अगं, तुला झोप लागायला लागली म्हणून गप्प होतो मी. कंबरेचा भुगा झाला माझ्या."

"ती झोप काय आकड्यानं लागली? त्या पोरीचा फोन आला तेव्हा कळलं, तुमच्या छातीकडे खरंच कुणाचं तरी लक्ष आहे. मग मी कशाला जागू?"

निरीक्षकांनी विचारलं, "मग इतके दिवस तू का नाही बोललीस?"

"खरं बोलायला तुम्हाला किती दिवस लागतात, ते मोजत होते."

निरीक्षक सवयीने ताठ झाले. "किती भरले?"

"अकरा."

"फार झाले का गं?"

"मी महिना धरला होता," ती म्हणाली, आणि त्यांना हाताला धरून पॅसेजकडे घेऊन निघाली.