पाया पडतो, बाबिन्स्की बघतो

मी कारेगावच्या कंपनीत क्वालिटीला आहे. पार्टवरचा केसाएवढा चरा मला लांबून दिसतो, तिथं माणसातला फॉल्ट दिसणार नाही? त्यात धाकटी बहीण अनुपमा फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला. तिचं पाठांतर रोज मीच घेतो. अर्धा चेहरा हलेना, तर बेल. मांडीवर हात टेकत उठला, तर गॉवर्स. तळव्यावर ओरखडलं आणि अंगठा वर गेला, तर बाबिन्स्की. सगळी आजारांच्या खुणांना दिलेली डॉक्टरांची नावं. परीक्षा तिची, पण पहिला नंबर माझा येणार, असं मी शिरूरभर सांगत होतो.

रविवारी दौंडचे पाहुणे तिला बघायला आले. तीन स्थळं नाकारलेल्या अनुपमाला हा मुलगा, सत्यजीत, फोटोवरूनच मनापासून आवडला होता. "दादा, आज फक्त गप्प बस," एवढंच तिनं माझ्याकडं मागितलं.

बसलो गप्प. पण मुलाचे वडील मारुतराव हसले आणि त्यांचा उजवा गाल हललाच नाही. बेल! पोहे तसेच ठेवून सतरंजीवरून उठले ते मांडीवर हात टेकत. गॉवर्स! बापाचं असं, तर उद्या पोराचं काय? एकुलत्या एक बहिणीच्या जन्माचा प्रश्न होता. तिसरी खूण तपासायलाच हवी होती, पण पाहुण्याला तळवा दाखवा म्हणणार कसं?

मारुतराव चहाचा भरला कप हातात धरून पलंगावर पाय सोडून बसले होते. मी पाया पडलो, आणि पडता पडता अंगठ्याचं नख तळव्यावरून ओढलं.

त्यांचा अंगठा वर गेला. पायही गेला. कपातला चहा सुषमाकाकूंच्या, म्हणजे मुलाच्या आईच्या, नव्या साडीवर गेला.

"आरं, काय करतुयास?" मारुतराव ओरडले.

"मामा, तुम्हाला मेंदूचा आजार हाय," मी सांगून टाकलं.

सुषमाकाकूंनी डोळ्याला पदर लावला. सत्यजीत उठून उभा राहिला. अनुपमाचा चेहरा पार उतरला, पण ती मारुतरावांसमोर येऊन बसली.

"मामा, कपाळाला आठ्या घाला. डोळे घट्ट मिटा." दोन्ही झकास जमलं. "आता गाल फुगवा."

मारुतरावांनी मानेनंच नकार दिला.

"फुगवा की," सुषमाकाकू म्हणाल्या. "पोरगी शिकलेली हाय."

त्यांनी फुगवला. तंबाखूचा अख्खा बार माझ्या शर्टावर आला.

"सहा म्हयने झालं, सोडली म्हणत व्हता न्हवं?" सुषमाकाकूंनी विचारलं. मारुतरावांनी उपरण्यानं तोंड पुसलं.

"मग उठताना हात का टेकले?" मी मारुतरावांना हळूच विचारलं.

"गुडघं धरल्यात. दौंडवरनं गाडीत अवघडून बसून बघ."

"आन् अंगठा?"

"दादा," अनुपमा म्हणाली, "गुदगुल्या केल्यावर कुणीही पाय ओढतं."

मोडलं लग्न, असं मी मनात म्हणतोय तोच सुषमाकाकूंनी तिचा हात धरला. "मला सहा म्हयन्यात घावलं न्हाई, ते हिनं दोन मिन्टात बाहेर काढलं. मला हीच सून पायजे."

लग्न झालं, अनुपमा पासही झाली, सगळे सुखात आहेत. मीही. फक्त मी पाया पडायला वाकलो की मारुतराव झटकन मांडी घालतात आणि आशीर्वाद लांबूनच देतात.